बिलाची खिडकी

हॉस्पिटलचं बिल निम्म्यावर आणण्यात अख्ख्या टोलिडोत माझा हात धरणारा कुणी नव्हता! फुशारकी मारत नाही. अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. वेंडेल क्रुपा दिसला की लोक आधी खिशातलं बिल काढायचे आणि मग ‘कसं काय’ विचारायचे.

माझी पद्धत साधी होती. हॉस्पिटलला फोन करून म्हणायचं, “नुसता आकडा नको, एकेक वस्तू लिहून यादी पाठवा.” यादी आली की लाल पेन घेऊन बसायचं. माझ्या हर्नियाच्या यादीत बाळंतिणीच्या खोलीचं तीन दिवसांचं भाडं निघालं होतं! “मग बाळ कुठाय? घेऊन जातो की घरी,” असं मी फोनवर म्हटलं, आणि चार हजार डॉलर गपचूप कमी झाले.

माझी बायको इश्बेल मूळची स्कॉटलंडमधल्या डंडीची. लग्न होऊन टोलिडोला आली तेव्हा हसायची. “आमच्याकडे दुखलं की माणूस डॉक्टरकडे जातो. तुमच्याकडे आधी बँकेत जातो!” पण चाळीस वर्षांत मी तिला पक्की तयार केली. एकदा शिडीवरून पडून तिचा घोटा मोडला. शेजारीण फोनकडे धावली, तर हिने पडल्या पडल्या तिचा झगा धरला आणि ओरडली, “ॲम्ब्युलन्स नको! वेंडेलला बोलवा!” आमच्याकडे ॲम्ब्युलन्सच्या एका फेरीच्या पैशांत जुनी गाडी विकत यायची. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितली. आता सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो आणि आम्ही डंडीला राहायला आलो. खालच्या मजल्यावर तिची धाकटी बहीण सेंगा. पहिल्याच आठवड्यात मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेलो. दुकानातल्या बाईने पुडी हातात दिली. मी म्हटलं, “किती?” ती म्हणाली, “सकाळी एक.” मी म्हटलं, “पैसे किती?” ती म्हणाली, “काही नाही.” मला वाटलं बाई नवीन आहे. तिची नोकरी जाऊ नये म्हणून मी तिच्या साहेबाला बोलावलं! साहेबही ‘काही नाही’च म्हणाला.

घरी येऊन सेंगाला विचारलं, “अगं, हीच गोळी तिकडे सोन्याच्या भावाने मिळते. इकडे फुकट कशी?”

“फुकट कसली डोंबलाची!” सेंगा म्हणाली. तिने तीस वर्षं तागाच्या आणि मग घड्याळाच्या कारखान्यात काढली होती. “जन्मभर पगारातून कापून घेतलेत माझ्या. पण भावोजी, इथे गोळ्या घ्यायला एकच गिऱ्हाईक जातं, अख्खा देश. ते म्हणतं, एवढ्याला दे नाहीतर चालायला लाग. तुमच्याकडे जो तो आपापली पिशवी घेऊन एकटाच बाजारात. त्यात आजारी. आजारी माणूस काय घासाघीस करणार?”

“मी करायचो!” मी म्हटलं.

“तेच तर,” सेंगा म्हणाली. इश्बेल खूप हसली होती त्या दिवशी.

तर तो शनिवार. सकाळचे अकरा वाजले होते. इश्बेल बटाटे सोलत होती. एकाएकी खुर्चीत बसली आणि जबड्याला हात लावला.

“काय झालं गं?”

“काही नाही रे. गुरुवारपासून जरा हात भरून येतोय. आता छातीत दाबल्यासारखं वाटतंय.”

“गुरुवारपासून? आणि बोलली नाहीस?”

“म्हटलं बघू, थांबतंय का.”

मी फोन उचलला. तिने माझं मनगट धरलं. “ॲम्ब्युलन्स नको. तू गाडी काढ.”

आणि वाचकहो, मी फोन खाली ठेवला! मनात म्हणालो, शहाणी बायको! आपण डंडीत आहोत हे आम्हा दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. ती तर इथेच जन्मलेली.

त्या दिवशी गावात फुटबॉलची मॅच होती. गळ्यात मफलर घातलेली हजारो माणसं रस्त्याच्या मधून गात चालली होती आणि त्यांच्यात आमची गाडी अडकली. मी हॉर्न वाजवला तर त्यांना वाटलं मी त्यांच्याच बाजूचा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या! इश्बेलसुद्धा हसली. मग डोळे मिटून बसली. दहा मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली.

हॉस्पिटलात तिला तिथल्या तिथे ट्रॉलीवर घेऊन आत नेलं. कर्स्टी नावाची नर्स मला म्हणाली, “काका, इथेच बसा. पाच मिनिटांत आत बोलावते.”

बसलो. पण मला कुणी काहीच विचारीना! ना विम्याचं कार्ड, ना सही. चाळीस वर्षं ज्या दारातून गेलो, तिथे पहिला प्रश्न कार्डाचाच. कागद झाले नाहीत म्हणून आत तिला तसंच ठेवलं असेल तर? गाडीत माझी विम्याच्या कागदांची जुनी फाईल होती. ती काखोटीला मारली आणि बिलाची खिडकी शोधायला निघालो.

चौकशीच्या टेबलावर एक म्हातारी होती. “बिल कुठे भरायचं?” ती म्हणाली, “कॉफीच्या दुकानात, डावीकडे.” तिथे रांग होती. माझा नंबर आला. मी फाईल उघडून विम्याचं कार्ड ठेवलं आणि म्हटलं, “बायको आत आहे. जे काय लागेल ते घ्या, पण सुरुवात करा.” दुकानातली बाई म्हणाली, “त्या चहा घेणार का?”

मग एक ट्रॉलीवाला भेटला. “साहेब, बिलाची खिडकी नाही इथे.”

“असं कसं नाही? एवढं मोठं हॉस्पिटल!”

“पंचवीस वर्षं ट्रॉली ढकलतोय, मला नाही दिसली.”

“लपवली असेल!” मी ओरडलो. खरंच ओरडलो. दर लपवतात हे मला ठाऊक होतं ना! दोन मजले चढलो, एक उतरलो. एका दारावर ‘हिशेब’ असं लिहिलेलं पाहून आनंदाने थाप मारली. शनिवार असल्याने दार बंद होतं.

मागून हाक आली. सेंगा होती, पायांत घरातल्या सपाता.

“भावोजी! मला फोन आला हॉस्पिटलातून. सगळीकडे शोधतायत तुम्हाला!”

“खिडकी सापडत नाहीये, सेंगा.”

माझ्या हातातली फाईल तिने घेतली आणि माझा दंड धरून चालायला लागली. तेव्हा मला कळलं.

नर्स कर्स्टीचे डोळे लाल झाले होते. “त्या शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, काका. तीनदा बाहेर येऊन पाहिलं मी. तुमची आठवण काढली त्यांनी.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, बिलावरून भांडत असेल कुठेतरी. भांडू द्या. त्याला बरं वाटतं.”

डॉक्टर तरुण होता. गुरुवारी आल्या असत्या तर, एवढं बोलून थांबला. पुढचं मला त्याच्यापेक्षा जास्त कळलं. ते दुखणं अंगावर काढायला तिला मीच शिकवलं होतं, आणि शिकवल्याचा अभिमान बाळगला होता.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलचं पाकीट आलं. जाड होतं. मी म्हटलं, आलं शेवटी! चष्मा लावला आणि लाल पेन घेऊन टेबलाशी बसलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. भांडायला कुणीतरी मिळालं होतं.

आत यादीच होती, एकेक वस्तू लिहिलेली. चष्मा एक. निळा स्वेटर एक. बूट, जोड एक. केसांच्या पिना चार. स्वेटरच्या खिशातलं बटाटे सोलायचं सोलाणं एक. कृपया येऊन घेऊन जावे.

दोनदा तपासली. एकही चूक नव्हती. आणि खाली बेरीज नव्हती.

सेंगा खिम्याचं पातेलं घेऊन वर आली. “भावोजी, सोलाणं सापडलं का? तीन आठवडे सुरीने सोलताय बटाटे.”

“सापडलं. हॉस्पिटलात आहे. तिच्या खिशात.”

तिने पातेलं टेबलावर ठेवलं. “मग चला, घेऊन येऊ.”

मी कोट घातला. दारापाशी पोहोचेपर्यंत हात आपोआप खिशातल्या पैशांच्या पाकिटाकडे गेला आणि तोंडातून निघूनही गेलं,

“किती घेतील गं?”