दगडूकाकांची ग्यारंटी

काचेच्या बांगडीला ग्यारंटी देणारा माणूस आमच्या कर्जतच्या पेठेत एकच होता. ते म्हणजे आमचे शेजारी, दगडूकाका कासार.

कासारांचा रिवाज तसा जुना. भरताना बांगडी पिचली तर नुकसान कासाराचं. एकदा मनगटावर चढली की बाई जाणे नि तिचं नशीब. पण काका माल आणायला मुंबईला गेले आणि कुणा घड्याळवाल्याच्या तोंडून ‘ग्यारंटी’ हा शब्द ऐकून आले. त्या शब्दाने त्यांना झपाटलंच.

“घड्याळाला ग्यारंटी, आन् बाईच्या हातातल्या बांगडीला नाय? तुकडा दाखवा, नवी न्या. त्याची वर्साची, माजी जन्माची!”

अटी मात्र होत्या. तुकडा हातात घेऊन काका आधी विचारत, “कशानं फुटली?” म्हशीने लाथ मारली असेल तर ग्यारंटी नाही. “म्हशीला मी जामीन नाय.” नवऱ्याशी भांडताना फुटली तर अर्धी भरपाई, सासूशी भांडताना फुटली तर पुरी. साहजिकच पार कडाव गावापर्यंतच्या साऱ्या बांगड्या सासवांपायीच फुटू लागल्या. काकांना ते खरं वाटे.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे माल मिळेना, तरी ग्यारंटी चालूच. आलेला तुकडा डोळ्याला लावून ते माथेरानच्या डोंगराकडे बघत बसत. गिऱ्हाईक खोळंबलं तरी म्हणत, “थांब गं जरा, डोंगर जांभळा झालाय.” दुपारची उन्हं आत आली की दुकानाच्या भिंतीवर रंग सांडत. मी मीठ आणायला म्हणून निघे आणि तिथेच बसून राही. घरी बोलणी खाई, पण ते रंग मला फार आवडत.

त्या रंगांत मागे बसून काकांची लेक येसू बांगड्यांचे जोड लावी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा तापाने गेला. सगळ्या तालुक्याचे हात भरणाऱ्या बापाच्या घरात लेकीचे हात मोकळे. म्हशीपासून सासूपर्यंत सगळं ठरवणाऱ्या काकांनी नवरा गेल्यावर फोडलेल्या बांगड्यांचं मात्र काहीच ठरवलं नव्हतं. तसले तुकडे कुणी आणतच नसे.

एका संक्रांतीला दुकानात बायांची दाटी होती. काका माझा हात भरत होते. येसू पुढे आली, पदराची गाठ सोडली आणि हिरवे तुकडे बापापुढे ठेवले.

“बाबा, सासरहून येताना आणले व्हते. ग्यारंटी हाय ना?”

मग पाटलांची ठमाक्का म्हणाली, “दगडू, सणाच्या दिवशी असलं करशील, तर तुजी पायरी कोण चढंल रं?”

काकांनी तुकडा उचलून नेहमीसारखा डोळ्याला लावला. पण डोंगराकडे नाही, लेकीकडे बघत राहिले.

“कशानं फुटल्या?”

“म्हशीनं नाय.”

“मंग ग्यारंटी हाय.”

ठमाक्का उठली, तिच्यामागे बाकीच्याही. मी बसून राहिले, एक हात भरलेला नि एक मोकळा.

काकांनी हिरव्या नव्हे, अस्मानी बांगड्या काढल्या आणि येसूचा हात गुडघ्यावर घेतला. उभा जन्म बांगड्या भरलेली ती बोटं, तरी पहिलीच बांगडी मनगटाआधी पिचली.

“ही कासाराची,” काका म्हणाले आणि दुसरी उचलली.