वळकतो की मी!

माणिकअप्पा कुणालाही ‘तुम्ही कोण?’ असं विचारत नाहीत. तुम्ही कोण, ते तेच तुम्हाला सांगतात. मी बदली होऊन कर्नाटकातल्या आळंदच्या शाळेत आले, तेव्हा टेम्पोतून माझं कपाटसुद्धा उतरलं नव्हतं, तोवर खाकी शर्टातला एक उंच, वाळका म्हातारा समोर उभा. म्हणाला, “तुम्ही हुमनाबादच्या गुंडप्पा किराणावाल्याची धाकटी लेक. तुमच्या लग्नाच्या पत्रिका मीच वाटल्या हितं. एक परत गेली. पत्ताच चुकीचा घातलेला तुमच्या बापानं.”

लग्नाला वीस वर्षं झाली होती हो माझ्या! मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“वळकतो की मी!”

हे त्यांचं पालुपद. अप्पांनी सगळी नोकरी पोस्टमन म्हणून काढली. नोकरी संपली, खाकी शर्ट काही उतरला नाही. त्याच्या खिशात एक शाईचं पेन, ते फक्त सहीसाठी. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची, आणि आळंदात ती सही म्हणजे माणिकअप्पा. ते आधी माणसाला आपादमस्तक बघायचे, त्याच्या आज्याचं नाव सांगायचे, मग सही करून खाली असा ठिपका द्यायचे की कागद फाटावा. स्वतःच्या जावयाला मात्र सही दिली नाही. तो म्हणाला, “मामा, मला वळकत न्हाई का तुम्ही?” तर म्हणे, “वळकतो. म्हणूनच सही करत न्हाई.”

मग आधार आलं, अंगठ्याचं यंत्र आलं आणि अप्पांची सही कुणाला लागेना. त्यात भरीस भर म्हणजे यंत्र अप्पांचाच अंगठा घेईना. जन्मभर डिंक, शिक्के आणि पाकिटं हाताळून बोटं गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानात ते यंत्रावर खेकसायचे, “ह्या डबड्याला माणूस वळकंना, आन् म्हणायलेत लई हुशार हाय!” लोक हसायचे, मीही हसायचे. पेन्शनसाठी दरसाल जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो गेल्या वर्षी कसाबसा एका करंगळीवर निभावला. तेव्हापासून अप्पा उजवा हात खिशात घालून हिंडायला लागले. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी काही विचारलं नाही. आपलंच घोडं पुढं दामटायची सवय असते ना आपल्याला.

अशात त्यांच्याकडं हिरुत राहायला आली. इथिओपियाची पोर. जवळच्या कडगंचीच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकायला आलेली, आणि तिला मराठी, कानडी, दखनी सगळं कानावर पडेल असं गावातलंच घर हवं होतं. अप्पांची बायको कमलाक्का दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून पुढची खोली रिकामीच होती.

हिरुत बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना पुढचा माणूस ओळखता आला नाही. मिनिटभर नुसते बघत राहिले. मग मला म्हणाले, “बाई, हिला सांगा, आठ दिसांत वळकतो.”

आणि ओळखलं की! आठव्या दिवशी अप्पा मलाच सांगत होते, “हिचा बाप लॉरी चालवतो. धाकटी बहीण गाईला भेते. आई कॉफी भाजती तवा गाणं म्हणती.” ना ह्यांना इंग्रजी, ना तिला मराठी. कसं जमलं, देव जाणे. संध्याकाळी हिरुत तव्यावर कॉफी भाजायची, वास गल्लीभर सुटायचा, आणि अप्पा इवल्या कपात तोंड घालून “कडू हाय, पर आपली हाय” म्हणत प्यायचे.

घोडं अडलं ते बँकेत. हिरुतची शिष्यवृत्ती इथल्या खात्यावरच जमा होणार होती. महिनाअखेरपर्यंत खातं नाही, तर शिष्यवृत्ती परत, आणि पोरगीही परत. आम्ही तिघं गेलो. मॅनेजर आंध्रातले, नवीन, माणूस सज्जन. पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, प्रवेशाचं पत्र बघितलं. सगळं ठीक. म्हणाले, इथल्या पत्त्याचा पुरावा?

अप्पांनी मोठ्या थाटात विजेचं बिल पुढं केलं.

“नागप्पा कौन?”

“माझे वडील.”

“घर उनका है? उनको बुलाइए.”

“आता कसं बुलवू साहेब? तीस वर्सं झाली त्यान्ला जाऊन.”

मी कपाळाला हात लावला. घरमालक मयत आणि भाडेकरीण परदेशी, आता कुठला साहेब खातं उघडील? मी दबक्या आवाजात म्हटलं, “अप्पा, तीस वर्षांत नाव नाही बदललं?” तर माझ्यावरच डाफरले, “बिल टायमावर यायलंय, मग कामून बदलायचं?”

मग त्यांनी छाती पुढं काढली आणि खिशातलं पेन काढलं. “साहेब, हिला मी वळकतो की! आणा फारम, सही करतो.”

मॅनेजर हात जोडून म्हणाले, “अंकल, अब वो सिस्टम नहीं रहा.”

अप्पांनी पेन परत खिशात घातलं. पहिल्या खेपेला ते खिशात न जाता खालीच पडलं. आम्ही घरी आलो. हिरुतनं दारात बसून मला इंग्रजीत विचारलं, “मी खरंच इथं राहते, हे कुणालाच कसं दाखवता येत नाही?” मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन दारोदार. “हिरुतला पत्र लिवा. माझा पत्ता घाला. पेटीत टाका, हातात द्यायचं न्हाई.”

“अहो अप्पा, ती चार पावलांवर राहती!”

“म्हणूनच पोस्टात टाका. पत्र पोचलं म्हंजे माणूस त्या पत्त्यावर हाय. पोस्टाचा शिक्का खोटं बोलंना, बाई. जल्म गेला माझा त्यात.”

अप्पांपुढं कुणाचं चाललंय? गल्ली लिहायला बसली. मराठीत, कानडीत, उर्दूत. शेजारच्या शांताक्कांनी लिहिलं: ‘हिरुतला आशीर्वाद. लिहायला काही नाही. अप्पानं लिही म्हटलं म्हणून लिवायले. काल तुझी वाटी राहिली आमच्याकडं, ती घेऊन जा.’ पिठाच्या गिरणीच्या रसूलचाचांनी तब्येतीची चौकशी केली आणि खाली स्वतःच्या गुडघेदुखीचा सगळा इतिहास लिहिला. नवा पोस्टमन वैतागला. एकाच गल्लीतली पत्रं शिक्का मारून त्याच गल्लीत! अप्पा त्याला म्हणाले, “बोंबलू नको. नोकरी कर.”

पत्रं जमली तसे आम्ही पुन्हा बँकेत. अप्पांनी मॅनेजरच्या टेबलावर सगळी कार्डं पत्त्यांच्या डावासारखी मांडली. “बगा. रोज एक, शिक्क्यासकट. एक बी परत गेलं न्हाई.”

मॅनेजर हसायला लागले. हसता हसता एका कार्डावर थांबले. ते तेलुगूत होतं. आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं माहेर तेलंगणाच्या हद्दीजवळ, औरादकडं, तिचं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि अर्थ सांगितला. तिनं लिहिलं होतं, ‘मीपण इथं नवी आले तेव्हा मला कुणाची भाषा कळत नव्हती. रात्री उशीत तोंड घालून रडायची. तू रडू नकोस. शुक्रवारी चिंचेचा भात करते, जेवायला ये.’

मॅनेजरांनी ते कार्ड अलगद बाजूला ठेवलं. मग म्हणाले, ही पत्रं नियमात बसत नाहीत. पण विद्यार्थिनीनं पत्ता स्वतः लिहून द्यावा आणि बँकेनं जाऊन तपासावा, असं करता येतं. “मैं खुद आता हूँ.”

आणि आले! गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवून त्यांनी नुसतं ‘हिरुत’ म्हटलं, तर पाच माणसं आणि एक शेळी त्यांना घेऊन अप्पांच्या दारात. हिरुतनं कॉफी केली. तिच्याकडं पाहुण्याला तीन कप प्यावेच लागतात, तिसऱ्याला आशीर्वाद असतो म्हणे. साहेबांनी तिन्ही रिचवले, चिंचेच्या भाताचं कुठवर आलं ते विचारलं, आणि खातं उघडलं. महिना संपायला चार दिवस होते!

अप्पांनी काय मिरवलं म्हणून सांगू! हलगी तेवढी लावली नाही. पेढे वाटले, घरोघर पासबुक दाखवलं, तेही फक्त फोटोचं पान. “आतलं बगायचं न्हाई. पोरीचं हाय.” आणि विजेचं बिल? ते अजून नागप्पांच्याच नावानं येतं. महिन्यातनं एकदा वडिलांचं नाव दारात येतं, ते कामून थांबवायचं, असं एकदा हळूच म्हणाले मला.

नोव्हेंबरात अप्पांच्या दाखल्याची वेळ आली. मी आणि हिरुत आमच्या कामाला बँकेत होतो. अप्पांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल. दहाच्या दहा बोटं झाली. करंगळीही यंदा फितूर. काउंटरवरची मुलगी नवीन होती. नम्रपणानं म्हणाली, “अप्पा, ओळख पटंना. कागदावर करू आपण. तुम्हाला ओळखणारं, इथं खातं असलेलं कुणी हाय का?”

अर्ध्या आळंदची ओळख देणारा माणूस, हात खिशात घालून खाली बघत उभा राहिला. इतके लहान झालेले अप्पा मी कधी बघितले नव्हते. मी पुढं व्हायला गेले, पण माझ्या आधी हिरुत रांगेतनं बाहेर पडली. सरळ त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं.

“वळकते की मी!”

अख्खी बँक वळून बघायला लागली. पोरगी थांबते कुठं? “नागप्पाचा माणिकअप्पा. चहात साखर दोन चमचे, सांगतो एक. कमलाक्काचा फोटो रोज पुसतो. मग फोटोसंगं बोलतो. मी ऐकते.” आणि सही केली. खाली ठिपका दिला, कागद फाटेल असा.

अप्पांनी कागद हातात घेतला, शाईवर फुंकर घातली. डोळे भरून आले होते, पुसलेही नाहीत. मला म्हणाले, “कमला गेल्यापासनं मला असं कुणी म्हनलं न्हवतं, बाई.”

मग नाक ओढलं, ताठ झाले आणि काउंटरवरच्या मुलीला आपादमस्तक न्याहाळलं.

“तू मुडबीच्या शिवराम मास्तराची नात न्हवं?”

ती दचकली. “व्हय... तुम्हाला कसं कळलं?”

अप्पांनी उजवा हात खिशातनं बाहेर काढला, हिरुतच्या डोक्यावर ठेवला, आणि आम्ही दोघींनी त्यांच्याबरोबरच म्हटलं, “वळकतो की मी!”