आबांच्या पानावर कुरव

कावळा शिवल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, आणि का असं विचारायचं नाही, हा भोईरांच्या घरातला नियम. निशाने लहानपणी एकदा विचारलं होतं. उत्तर म्हणून सत्यवतीआत्याने तिच्या पुढ्यातला वडा उचलून ठेवला होता.

आबांच्या, म्हणजे आजोबांच्या वर्षश्राद्धाला घोटाळा केला तो कबुतरांनी. भोईर आता पनवेलच्या टॉवरमध्ये राहत आणि कबुतरांच्या त्रासापायी सगळ्या बाल्कन्यांना जाळ्या ठोकलेल्या. एक कावळा आला, जाळीतून वड्याकडे बघून हळहळला आणि गेला.

"निशा, तुला पाखरांतलं कळतं ना?" भगवानकाका म्हणाले. (झूलॉजीच्या पदवीची त्या घरात कुणाला गरज पडायची ही पहिलीच वेळ.) "कावळे कुठे मिळतील?"

"धरणावर," निशाने ठोकून दिलं.

खरं तर मटण मार्केटच्या मागे कावळ्यांचं संमेलन भरलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण धरणावर कुरव, म्हणजे सीगल, उतरल्याचा मेसेज सकाळीच आला होता आणि दुर्बीण आठवडाभर कपाटात कुजत होती.

गाडीत आई सगळ्यांच्या जेवणाचा डबा मांडीवर धरून बसली आणि आत्याने प्रणितच्या स्थळाचं पुराण लावलं. द्रोणागिरीला त्याची गोदामं होती. निशाला संक्रांतीनंतर पक्षी मोजायच्या नोकरीवर कच्छला जायचं होतं. "आधी श्राद्ध होऊ दे, मग बघू," एवढ्यावर काकांनी गाडं अडवून ठेवलेलं.

धरणावर पाणी मागे हटलेलं, चिखलात शेकाट्या लांब लाल पायांवर तोल सावरत हिंडत होत्या. निशाने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि श्राद्ध विसरली.

काकांनी काठावर पान ठेवलं. भात, वडे, खीर आणि वर आबांच्या आवडीचा तळलेला बोंबील. हात जोडून डोळे मिटले, तोच पाण्यावरून पांढरा लोंढा उठला. पिकनिकवाल्यांची शेव खाऊन सोकावलेले कुरव ते! काकांनी डोळे उघडले तेव्हा पान चाटूनपुसून साफ होतं.

"आबा होते काय रे ते?" आत्याने विचारलं. "मासळीची आवड होती, पन एवडी हाव नव्हती त्यांना."

"कुरव चालतो का, काका?" निशाने मनापासून विचारलं. "आबांचा जन्म मिठागरात गेला. खाऱ्या पाण्याचा पक्षी म्हणजे ओळखीतलाच."

"कावळा म्हणजे कावळा!"

दुसरं पान काकांनी छत्री फिरवत राखलं. एक कुरव छत्रीखालून आला आणि बोंबील घेऊन गेला. उरलेल्यांनी बाकीचं संपवलं. तिसऱ्या पानाला मात्र बाभळीवर एक कावळा येऊन बसला. बसला तो बसलाच.

"इच्छा अडकली आबांची," आत्या कुजबुजली.

"आबा, वाटणीवरून भांडणार नाही," काका म्हणाले. कावळ्याने मान फिरवली. (काकांना तो ओळखत असावा.)

"आबा, तुमची कवळी सापडली, कपाटामागं व्हती," आत्या म्हणाली. कावळ्याने पंख खाजवला.

आईने डब्याचं झाकण निशाच्या हातात दिलं, "लाव गं नीट," आणि ती हात धुवायला गेली. तेवढ्यात आत्याचा चेहरा उजळला.

"आता कललं! आबांचा जीव या पोरीत हाय. म्हन निशा, प्रणितशी लगीन करते. कच्छबिच्छ काय नाय."

"म्हण बाई," काकांना भूक लागली होती. "नुसतं म्हण. कावळ्यापुढे म्हटलं की पाळावं लागतं एवढंच."

निशाचं डोकं सणकलं. तिने झाकण तलवारीसारखं परजलं.

"नाही म्हणणार! आबांनी मला पहिलं पाखरू दाखवलं, ते मला गोदामात कोंडायला? मी प्रणितशी लग्न करणार नाही. मी कच्छला जाणार आणि आबांच्या तोंडी तुमची इच्छा घालू देणार नाही!"

कावळा उठला, सरळ पानावर उतरला, वडा चोचीत धरला आणि गेला.

काकांनी छत्री मिटली. नियम त्यांचाच होता, का असं विचारायची सोयच नव्हती.

निशाने असा विजय कधी चाखला नव्हता. "चला," ती थाटात म्हणाली, "शिवला एकदाचा. जेवून घेऊ."

आणि ती वळली. डब्याच्या काठावर एक गलेलठ्ठ कुरव बसला होता. शेवटचा वडा जेमतेम गिळून त्याने तिच्या हातातल्या झाकणाकडे बघितलं आणि निवांत उडाला.

हात पुसत आलेली आई रिकाम्या डब्याकडे बघत राहिली. मग आत्या. मग काका.

मग तिघंही निशाच्या हातातल्या झाकणाकडे बघत राहिली.