आईला काढायचं

बाळंतपणानंतर सूनबाई पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर काम मिळवायला बसली होती. मोठ्या वेबसाइटचा दर्शनी भाग आखायचा, बिघडला तर उसवून नव्याने बांधायचा, यात ती चांगली मुरलेली. हे काम मिळालं तर घरी बसून करता येणार होतं. नाहीतर पुन्हा नोकरी, आणि सासूबाईंना दिवसभर एकटीने झेपायचं नाही म्हणून बाळ पाळणाघरात.

लॅपटॉपच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवर फर्निचरवाले शेठ होते. त्यांची साइट गोगलगायीनेही जांभई द्यावी अशी.

"मॅडम, इंग्रजी नको. माणसाला कळेल असं सांगा."

"बरं. मुख्य पान म्हणजे आई. आतले भाग ही तिची मुलं. आईकडे जरा खुट्ट झालं की सगळी मुलं उठून बसतात. म्हणून साइट रखडते."

"मग उपाय?"

"आईला काढायचं. मुलं सुटी झाली की सुखाने चालतील."

दाराबाहेर बाळाला थोपटणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"इतक्या वर्षांची आई, मॅडम!"

"म्हणूनच! जिथेतिथे नाक खुपसते. नवीन काही करूच देत नाही."

थोपटणं थांबलं म्हणून बाळ उठलं आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी लेकाला फोन लावला. लेकाने बायकोला लावला, तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी मेसेज आला: 'आई बॅग भरतेय. काय बोललीस?'

सूनबाईने घाईत माइकऐवजी कॅमेरा बंद केला आणि ओरडली, "आई, जाऊ नका हो! बाळ कोण बघेल?"

"म्हणजे बाळ मोठं होईस्तोवर ठेवायचं आणि मग काढायचं!" रडतं बाळ कडेवर घेऊन सासूबाई आतच आल्या.

"अहो, वेबसाइटची आई!"

"कुणाची का असेना!" त्या लॅपटॉपवर वाकल्या. "काय हो भाऊ, तुम्हाला आई नाही?"

"आहे," शेठ ओशाळले. "आतल्याच खोलीत आहे."

"मग तिच्यासमोर बोला बघू, आईला काढायचं म्हणून!"

शेठनी मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "मावशी, चुकलं. मॅडम, काम तुमचंच. पण आईला हात लावायचा नाही."

सूनबाईने कपाळाला हात लावला. जुना गुंता तसाच ठेवून साइट पळवायची म्हणजे तिप्पट काम.

"बघ, मिळालं ना काम!" सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि विजयी मुद्रेने भरलेली बॅग रिकामी करायला गेल्या.

एका हाताने बाळाला थोपटत, दुसऱ्या हाताने सूनबाईने आराखड्यातली पहिली ओळ खोडून नवी लिहिली: 'आईला न दुखवता मुलांना वळण लावणे.' तसा तिला याचा घरचा अनुभव होताच.