जेली जमली

बायको गेल्यापासून सरांच्या घरात गोडधोड झालं नव्हतं. रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वयंपाकघरात ते पाहुण्यासारखे वावरत. मुलीचं फोनवर रोज तेच टुमणं, "बाबा, एकटे कसे राहणार? घर बंद करा, माझ्याकडे या." सर दरवेळी नाही म्हणत. आज ती न्यायलाच येणार होती. आपलं काही अडत नाही हे दाखवायला सरांनी सफरचंदाची जेली करायला घेतली.

सगळं शास्त्राला धरून चाललं होतं. जेली धरून ठेवणारं पेक्टिन सालीत आणि बियांच्या आसपास जास्त, म्हणून सगळ्यासकट फोडी उकळून रस गाळला. पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींचे हात धरायला आंबटपणा लागतो, म्हणून लिंबू पिळलं. त्यांना बिलगलेलं पाणी ओढून घ्यायला साखर लागते, म्हणून डबा पालथा केला. रस रटरटला, आटला, पण जमेना. जमायला तो निवावा लागतो, हे सरांनी वर्गात घसा फोडून सांगितलं होतं. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि त्यांचा धीर सुटला. ही फजिती मुलीला दिसू नये म्हणून त्यांनी अख्खं पातेलं बेसिनमध्ये ओतलं.

हॉर्न भलत्याच कुणाचा होता. सर खुर्चीत टेकले, त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर पातेलं भिजवायला नळ सोडला, तोच मुलीचा फोन आला.

"बाबा, रस्त्यात अडकलेय. जेवलात का? काय जेवलात? खरं सांगा!"

ही उलटतपासणी संपेपर्यंत दारावरची बेल कोकलू लागली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"सर, आमच्या पलंगावर धार लागलीय! आणि हे उठायलाच तयार नाहीत, म्हणतात स्वप्न पडतंय!"

बेसिन तुडुंब भरून स्वयंपाकघराचं तळं झालं होतं. सरांनी पाइपात उकळतं पाणी ओतलं. ही जेली एकदा धरली की गरम पाण्याला दाद देत नाही, हे ठाऊक असूनही ओतलं. शेवटी प्लंबर आला. त्याने पाइप उघडला आणि आतून पाइपाच्याच वळणाचा, लांबलचक, पारदर्शक, सोनेरी गोळा थरथरत बाहेर आला.

"सर, तुंबलेला माल इतका देखणा कधी पाहिला नव्हता."

त्याच वेळी मुलगी दारात उभी राहिली. तिने पाणी पाहिलं, काकूंना पाहिलं, प्लंबरच्या हातातला गोळा पाहिला. सर ओल्या पायांनी आत गेले, कपाटावरची बॅग काढून पलंगावर ठेवली. किती तरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. दोन सदरे ठेवून झाले.

"बाबा," बाहेरून मुलीचा आवाज आला, "आमच्याकडे आत्ताच सगळे पाइप नवीन बसवलेत हो. आणि तुमचं म्हणणंच बरोबर होतं. आपलं घर ते आपलं घर. मी उगाच मागे लागले होते."

"तेच तर मी म्हणत होतो," सर म्हणाले. मग सदरे काढून त्यांनी बॅग, आवाज होऊ न देता, परत वर ठेवली.