जीपस्टँडवरचे अर्थमंत्री

बारकूभाऊ देसल्यांसमोर कुठलाही शब्द उच्चारायची सोय नव्हती. आपण साधं "लगेच येतो" म्हणावं, की हे हात धरून थांबवणार. "लगेच म्हंजे काय, सांगू?" आणि आपण हो-नाही म्हणायच्या आत सांगून मोकळे. "लगेच म्हंजे चहा पिऊन, पेपर वाचून, घरच्यांना आठवण झाली का मग."

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर कल्याणच्या जीपा लागायच्या, त्यांत माणसं भरायचं काम बारकूभाऊंचं. ते भरता भरता अर्थ वाटत. "सीट म्हंजे बाजूवाल्याची मांडी जिथं संपंल तिथून पुढं." "गाडी फुल म्हंजे ड्रायव्हरला स्वताचा पाय सापडत नाय तेव्हा." एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, ॲडजस्ट तरी किती करायचं?" तर यांनी दार लावता लावता सांगितलं, "ॲडजस्ट म्हंजे काय, सांगू? दुसऱ्यानं सरकायचं." स्टँडवर सगळे त्यांना अर्थमंत्री म्हणत.

हा माणूस एका जागी म्हणून थांबत नसे. एका जीपच्या टपावर थाप, तिथून पानटपरी, तिथून चौकशीची खिडकी, तिथून माझं दुकान. माझं दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटरचं सायबर कॅफे. दोन हजार सालानंतर गावात इंटरनेट आलं आणि बारकूभाऊंना नव्या शब्दांची जणू खाणच लागली. दिवसातून कितीदा तरी ते दारातून डोकं घालत. "पासवर्ड म्हंजे काय, सांगू? सगळ्या दुनियेपासून लपवायचा आन आपणच इसरायचा." "डाउनलोड म्हंजे इहिरीतनं बादली ओढायची, काठाला आली का लाइट जाते." चॅटिंग करणाऱ्या पोरांच्या पाठीशी उभे राहून म्हणत, "बाजूला बसलाय त्याच्याशी बोलायचं नाय, जो हितं नाय त्याला इचारायचं, जेवलास का?" पोरं हसत आणि माझं गिऱ्हाईक उठून जाई. मला या माणसाचा खरंच ताप होता.

आणि एक दिवस ते आत येऊन उभे राहिले, पण अर्थ काही सांगेनात. खुर्ची दिली तर बसेनात. माउस उचलून पाहिला, ठेवला. शेवटी म्हणाले, "ती दोस्तीची साइट हाय ना, तीत नाव टाकलं का माणूस घावतो म्हणतात. टाक ना रे. काशिनाथ देसले."

काशिनाथ त्यांचा धाकटा भाऊ. हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी दाराकडे तोंड करून, मधेच बाहेरच्या जीपकडे बघत सगळं सांगितलं. काशिनाथ वाशिंदच्या एका कंपनीत होता. लग्न ठरलं आणि साखरपुड्याच्या आधी नोकरी गेली. घरच्यांनी ठरवलं, मुलीकडच्यांना एवढ्यात बोलायचं नाही. साखरपुड्याच्या पंगतीत कुणीतरी बेकार पोरांचा विषय काढला आणि बारकूभाऊंच्या तोंडातून निघून गेलं, "बेकार म्हंजे काय, सांगू? ज्याला रविवार कंचा ते कळत नाय. आमच्या काशाला इचारा." पंगत पोट धरून हसली. मुलीचा मामा तेवढा हसला नाही. काशिनाथ भरल्या ताटावरून उठला, चपला घातल्या आणि गेला. पंचवीसेक वर्षं झाली, तो आजतागायत आला नव्हता.

"शोधून करणार काय?" मी विचारलं.

"चुकलो म्हणायचं हाय. तोंडावर. येवढंच."

काशिनाथ देसले बरेच निघाले. फोटो अंगठ्याएवढे. कुणाच्या फोटोत गुलाबाचं फूल, कुणाच्या फोटोत मोटारसायकल. मी समजावलं, की तुमचा काशिनाथ आता पन्नाशीचा, तो कशाला इथे असेल? ऐकतील तर शपथ. त्यांनी सांगायचं आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, असा एकच निरोप सगळ्या काशिनाथांना गेला: "तू आमचा काशा असशील तर म्हशाच्या जत्रेला ये. बैलबाजारात उभा ऱ्हातो. तुझ्यावर हसवलं ते माझं चुकलं. काशा नसशील तरी ये, भाकरी हायेच."

म्हसा हे मुरबाडजवळचं गाव. तिथलीच जत्रा का, तर काशिनाथला बैलांचा फार नाद. दर थंडीत तो तिथे मुक्काम ठोकायचा.

पुण्याच्या एका काशिनाथनं "हू आर यू" विचारलं. एकानं शिवी दिली. बाकीचे गप्प. धुळ्याच्या एका देसल्यांनी मात्र लिहिलं, "मी तुमचा नव्हे. पण बैल बघायला येईन."

जत्रेच्या दिवशी बारकूभाऊ सकाळपासून बैलबाजारात येरझाऱ्या घालत होते. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर भाकऱ्यांची पिशवी. मला सोबत नेलं होतं, कारण धुळ्याच्या देसल्यांचा फोटो नीट पाहिलेला मीच. बैलांपेक्षा ते माणसांचे चेहरे बघत होते. धुळ्याचा सोडून दुसराच कुणी येईल अशी आशा त्यांना होती, हे मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

दुपारी धुळेकर आले. उंच, गोरे, चष्मेवाले. बारकूभाऊंच्या घरचं एक लक्षण अंगावर नाही. "तुम्हीच बारकूभाऊ ना? मी काशिनाथ देसले."

ते नाव ऐकलं आणि बारकूभाऊ जागच्या जागी थांबले. मग त्या परक्या माणसाचा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले, "चुकलो रे. भरल्या ताटावरून उठवला तुला."

मी मधे पडणार होतो. अहो, हे ते नव्हेत, असं सांगणार होतो.

धुळेकरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, आपला दुसरा हात बारकूभाऊंच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे, दादा. मी तरी एवढ्या वर्षांत कुठं एक फोन केला?"