वानखेड्यांचा ओला ब्रेक

ओमानमध्ये अल् घुब्र्याला आमच्या इमारतीमागे गाड्या उभ्या करायची मोकळी जागा आहे. तिथे एकाच गाडीच्या मागच्या चाकांखाली दोन दगड असत. ती गाडी वानखेड्यांची. जमीन तळहातासारखी सपाट. गाडीने ठरवलं असतं तरी ती घरंगळली नसती. पण वानखेडे हँडब्रेक कधी ओढत नसत. गाडी गिअरमध्ये ठेवायचे, डिकीतून दगड काढायचे, वाकून चाकांना लावायचे आणि बुटाच्या टोकाने एकदा ठोकून बघायचे. वॉचमन त्या दगडांना अडखळून मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटे. ते काय असावं हे कळायला मल्याळम यायची गरज नव्हती.

विचारलं की ते म्हणत, "सर, ओला ब्रेक झोपवू नये."

इथे ओला कुठे आहे, असं मी एकदा म्हणून पाहिलं. जानेवारीतही आमच्याकडे दुपारी पंखा लागतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सवय असू द्या जी."

ते मला सर म्हणत, कारण मी इथल्या भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. ते स्वतः वर्ध्याकडचे. बायको आणि मुलगा तिकडेच. इथे आमच्या भिंतीपलीकडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. हॉलमध्ये बुद्धाची एक तसबीर, एक खुर्ची आणि बाकी सगळे स्पेअर पार्ट. रुसैलला एका पर्यटन कंपनीच्या वर्कशॉपचे ते इंजिनिअर होते. पर्यटकांना वाळूत आणि डोंगरात फिरवणाऱ्या क्वाड बाइक, म्हणजे स्कूटरचं हँडल आणि ट्रॅक्टरसारखी चार चाकं असलेल्या गाड्या, त्यांच्या ताब्यात असत.

थंडीत यातल्या काही गाड्या जबल अख्दर डोंगरावरच्या कॅम्पला जात. तिथे पहाटे पिंपातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. एका जानेवारीत नवीन गाड्या वर पोहोचल्या आणि सावंतवाडीकडचे ड्रायव्हर गावडे यांनी त्यांची रीतसर पूजा केली. संध्याकाळी पाइपाने स्वच्छ धुतल्या, हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि हँडब्रेक करकचून ओढले. सकाळी पाहुणे रांगेत उभे, आणि एकही चाक हलेना. आत गेलेलं पाणी गोठून ब्रेक धरून बसले होते. लिंबंही दगडासारखी झाली होती. वानखेडे खालून धावत गेले. गावडे बोलणी खायच्या तयारीने उभे होते. वानखेड्यांनी एक लिंबू उचलून पाहिलं आणि म्हणाले, "लिंबू बरोबर होतं, गावडे. पाणी चुकलं."

मग त्यांनी सगळ्यांना घालून दिलेले नियम मला पाठ आहेत, कारण ते मी जेवतानाही ऐकले आहेत. थंडीत दुपारनंतर गाडीला पाणी लावायचं नाही. पाण्यातून जावं लागलंच, तर उभी करण्याआधी ब्रेक हलका दाबून धरून फेऱ्या मारायच्या. घासून तो तापतो आणि पाणी उडून जातं. मग ब्रेक मोकळा सोडायचा, गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड.

हे ते नुसतं सांगत नसत. एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी माझ्या पत्नीने फ्रीजर उघडला, तर सुरमईच्या शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मटण समजून तिने सोडलं, तर आत ब्रेकची केबल, तरफेसकट. वानखेड्यांचा फ्रीज लहान, म्हणून माझ्या परवानगीने आदल्या संध्याकाळी ती भिजवून ठेवली होती. परवानगी मी दिली होती. पत्नीला सांगायचं राहिलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "सुरमईला ग्रीसचा वास लागला, तर ती तुम्हीच खायची."

"खातो ना, वहिनी. आधी हे दाबून पाहा."

तिने दाबलं. मी दाबलं. आमच्या मुलीने दोन्ही हातांनी दाबलं आणि जपून मराठीत म्हणाली, "काका, हे हलत नाही आहे." वानखेड्यांना एवढा आनंद झालेला मी क्वचित पाहिला. सुरमईही त्यांनी खाल्ली.

त्यांची आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती, पण कळली नव्हती. थंडीच्या दिवसांत रोज पहाटे भिंतीपलीकडे त्यांचा फोन एकदाच वाजे आणि बंद होई. ते तो कधी उचलत नसत. पण त्यानंतरच चहाच्या भांड्याचा आवाज येई. पत्नीचं मत होतं की यात कोणीतरी बाई आहे. एका पहाटे फोन वाजला नाही. भांडंही वाजलं नाही. थोड्या वेळाने जिन्यावर त्यांच्या बुटांचा आणि हत्यारांच्या पेटीचा आवाज मात्र आला. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही सर, चार्जिंग संपलं होतं." कोणाचं, ते सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर वर्ध्याला गेले आणि तिथेच हृदयविकाराने वारले. कंपनीने इथली गाडी नेली. दगड राहिले. वॉचमनने ते फेकले नाहीत, भिंतीकडेला एकमेकांशेजारी ठेवून दिले.

थंडी सुरू झाली तेव्हा गावडे माझ्याकडे आले. "सर, वरच्या त्या म्हाताऱ्याक कोणीच सांगूक नाय," ते म्हणाले. कोण म्हातारा, ते मला माहीत नव्हतं. तरी त्यांच्याबरोबर गेलो. वानखेड्यांसाठी करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

कॅम्पच्या पुढे डाळिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आहेत. तिथे सालेम नावाचे वृद्ध ओमानी शेतकरी काठी टेकत दारात आले आणि आमच्या मागे पाहून त्यांनी विचारलं, मुहंदिस कुठे आहे? मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. गावड्यांनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं. सालेम बराच वेळ ओठांत प्रार्थना पुटपुटत राहिले. मग त्यांनी आम्हाला बसवलं, खजूर आणि कहवा पुढे केला आणि बोलू लागले. गावडे मला समजावत होते.

गावड्यांच्या त्या पूजेच्याही आधीच्या एका थंडीत, कंपनीने मोडीत काढलेली एक क्वाड वानखेड्यांनी दुरुस्त करून सालेमना आणून दिली होती, पहाटेच्या नमाजाला जाण्यासाठी. त्यांचे गुडघे दुखत. घराकडे येणारी वाट पाण्याच्या पाटातून जाते. गाडी द्यायला आले त्या संध्याकाळी वानखेड्यांनी स्वतः ती पाटातून आणली, आणि उतारावरून घसरू नये म्हणून स्वतःच्या हाताने हँडब्रेक ओढला. गोठतं म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहाटे चाक हललं नाही. सालेम चालत निघाले, बर्फावरून घसरले आणि पाय मोडला. काठी तेव्हापासूनची.

"तो इथे दारात बसला," सालेम म्हणाले. "कहवा घेईना. मी म्हटलं, बर्फ अल्लाहचा आहे. तो म्हणाला, ब्रेक माझा होता."

पुढे पाय सावरला, तशी दोघांत एक खूण ठरली. पहाटे चाक फिरलं की फोनची एक घंटा द्यायची. खलास. घंटा गेली नाही, तर मुहंदिस जेवणाच्या वेळेच्या आत पेटी घेऊन दारात हजर.

ऊन उतरलं तेव्हा सालेम उठले, क्वाडवर बसले आणि पाटापलीकडून बागेची एक फेरी करून आले. चाकं निथळत होती. मग त्यांनी ब्रेक हलका दाबून धरला आणि अंगणात गोल गोल फिरू लागले. ब्रेक घासल्याचा बारीक आवाज येत होता. थांबल्यावर त्यांनी काठी बाजूला ठेवली, कष्टाने वाकून चाकांना दोन दगड लावले आणि चपलेच्या टोकाने एकदा ठोकून पाहिले.

निघताना त्यांनी खिशातला जुना फोन गावड्यांच्या हातात देऊन काहीतरी सांगितलं. गावडे माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, तुमचो नंबर सांगा."

दुसऱ्या पहाटे मी जागाच होतो. पत्नी झोपली होती. उशाशी फोन एकदा वाजला आणि थांबला. मी तो उचलला नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं भांडं गॅसवर ठेवलं.